ऐकण्याआधीच दिलेला निकाल

कर्ण्याचा ट्विटर असलेल्या बुकशेल्फ स्पीकरांबद्दल मी बरीच वर्षं चुकीचं बोलत आलो. आधी ते डोक्यावर घेतले, नंतर कर्कश म्हणून धिक्कारले, आणि दोन्ही वेळा माझं मत अगदी ठाम होतं. त्या मतांपायी माझे पैसे गेले, त्याचं फार वाटत नाही. पण दुसऱ्यांचेही गेले. म्हणून कुठे कुठे चुकलो ते इथे क्रमाने मांडतो आहे. बेताच्या पैशांत चांगलं संगीत ऐकू पाहणारा माणूस शेवटी जुन्या सामानाच्या बाजाराकडेच वळतो, आणि तिथे कर्ण्याचे छोटे स्पीकर वारंवार समोर येतात. निदान त्याने तरी माझ्या वाटेने जाऊ नये.

कर्णा नेमकं काय करतो, हे मला स्पीकर विकत घेतल्यानंतर पुष्कळ उशिरा समजलं. ट्विटर म्हणजे वरच्या स्वरांसाठीचा छोटा स्पीकर. साध्या ट्विटरमध्ये कापडाची किंवा धातूची इंचभर व्यासाची घुमटी थेट खोलीतली हवा हलवते. एवढ्याशा घुमटीची हवेवर पकड कमी, त्यामुळे मिळालेल्या विजेचा फार थोडा भाग आवाजात उतरतो. तिच्यापुढे हळूहळू रुंदावत जाणारा कर्णा बसवला, की घुमटीला रेटायला पुरेशी हवा सापडते आणि तेवढ्याच विजेत कितीतरी मोठा आवाज निघतो. तो चौफेर न पसरता समोरच्या दिशेने जातो. तोंडाशी दोन्ही हातांचा द्रोण धरून शेतापलीकडच्या माणसाला हाक मारतो, तेव्हा आपण हेच करत असतो.

बोलपट आले तेव्हा व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरांची ताकद थोड्याच वॅटची असे आणि आवाजाने भरायची असत मोठी थिएटरं. कर्ण्याशिवाय ते जमण्यासारखं नव्हतं. घरातल्या कर्ण्याशी दोन अमेरिकन नावं विशेष जोडलेली आहेत. आर्कान्सातल्या होप गावात पॉल क्लिप्श यांनी १९४६ साली आपला कारखाना काढला आणि त्याच वर्षी जेम्स लान्सिंग यांनी, पुढे जेबीएल या नावाने जगभर पोचलेली, आपली कंपनी सुरू केली. क्लिप्शच्या छोट्या स्पीकरांमध्ये ट्रॅक्ट्रिक्स नावाच्या वक्ररेषेवर बेतलेला कर्णा असतो. ही रेषा स्पीकरसाठी इंग्लंडच्या पॉल व्हॉइट यांनी १९२०च्या दशकातच वापरली होती. म्हणजे मोठा आवाज आणि ठरलेली दिशा हे कर्ण्याचे मूळ गुणच आहेत, आणि माझ्या बहुतेक चुका याच दोन गुणांकडे दुर्लक्ष केल्याने झाल्या.

पहिली चूक, मोठ्या आवाजाला चांगला आवाज समजण्याची. जुन्या वस्तूंच्या एका दुकानात दोन जोड्या शेजारी मांडल्या होत्या, एक मऊ कापडी घुमटीची आणि एक कर्ण्याची. दुकानदाराने एका बटणावर दोन्ही जोडल्या होत्या. मी ‘कॉल ऑफ द व्हॅली’ लावायला सांगितलं. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा यांची ही १९६७ सालची तबकडी मला तोंडपाठ आहे. बटण कर्ण्याकडे फिरवलं आणि संतूर एकदम पुढे आलं. कलमाचा प्रत्येक आघात सुटा, बासरीतली फुंकर जवळ, मागची गिटारही ठळक. दुसरी जोडी तिच्यापुढे पडद्याआडून बोलल्यासारखी वाटली. मी तिथल्या तिथे पैसे मोजले आणि घरी असलेली माझी कापडी घुमटीची जुनी जोडीही लगोलग विकून टाकली.

त्या दिवशी मी ऐकला तो मुख्यतः डेसिबलचा फरक. एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती आवाज मिळतो, याला स्पीकरची संवेदनशीलता म्हणतात. साध्या छोट्या स्पीकरची ती ८६ डेसिबलच्या आसपास असते, तर कर्ण्याच्या छोट्या स्पीकरची ९४ सांगितली जाते. हा आठ डेसिबलचा फरक ॲम्प्लिफायरच्या सहापटीहून अधिक ताकदीएवढा आहे. आवाजाची खुंटी एकाच जागी ठेवून तुलना केली, तर कर्णाच जिंकणार. आपला कान किंचित मोठ्या आवाजालाही अधिक स्पष्ट, अधिक जिवंत मानतो. आता मी फोनवरचं आवाज मोजणारं ॲप बसण्याच्या जागी ठेवतो, दोन्ही जोड्यांचा आवाज एका डेसिबलच्या आत जुळवतो आणि मगच ऐकायला सुरुवात करतो. असं जुळवल्यावर दुकानातली ती मऊ जोडी मला काय म्हणाली असती, ते मला कधीच कळणार नाही.

दुसरी चूक, जुनी वस्तू न तपासता घेण्याची. घरी आणलेल्या त्या जोडीत गाणाऱ्याचा आवाज सतत उजवीकडे झुकायचा. संतूरच्या खालच्या तारा मधोमध आणि वरच्या तारा उजवीकडे असं विचित्र चित्र उभं राहायचं. मी आधी रेकॉर्डिंगला दोष दिला, मग वायर बदलली, मग ॲम्प्लिफायरवर संशय घेतला. डाव्या-उजव्या वायरींची अदलाबदल करून पाहायचं मला फार उशिरा सुचलं. अदलाबदल केली तरी दोष त्याच डब्यात राहिला, तेव्हा कळलं की खोट स्पीकरमध्येच आहे. उघडून पाहिलं तर डाव्या बाजूचा ट्विटर कधीतरी जळलेला आणि त्याच्या जागी भलताच कुठला तरी बसवलेला.

ही तपासणी दुकानातच करता येते आणि तिला वेळ लागत नाही. दोन्ही बाजूंना एकच मोनो आवाज द्यावा आणि बॅलन्सची खुंटी आलटून पालटून पूर्ण फिरवावी. दोन्ही डबे सारखेच बोलले पाहिजेत. प्रत्येक कर्ण्याजवळ कान नेऊन तो खरोखर वाजतो आहे का ते पाहावं आणि टॉर्च मारून आतली घुमटी दबलेली नाही ना ते बघावं. बंद असताना वूफरचा, म्हणजे खालच्या स्वरांसाठीच्या मोठ्या स्पीकरचा, कोन चारी बोटांनी अलगद, समान दाबाने आत ढकलावा. खरखर लागली तर आतलं वेटोळं घासतं आहे. कोनाभोवतीची कडा रबराची असेल तर पुष्कळ वर्षं टिकते. फोमची असेल तर आपल्या दमट हवेत ती भुसा होऊन गळते, मुंबईत आणि कोकणात तर फारच लवकर. मागे तारा जोडायच्या खुंट्यांच्या दोन जोड्या असतील तर त्यांना जोडणारी धातूची पट्टी जागेवर आहे का, तेही बघावं. ती हरवली की नुसता वूफर वाजू शकतो आणि चांगला ट्विटर मेला आहे असा समज होतो. मल्टिमीटर लावून ट्विटर तपासल्याचं कुणी सांगितलं तर त्यावर विसंबू नये, कारण मागच्या खुंट्यांवरून मोजताना मधला कपॅसिटर ट्विटरपर्यंत पोचूच देत नाही.

याच जोडीच्या बाबतीत मी आणखी एक गोष्ट केली, आणि ती लिहिणं मला सगळ्यांत जड जातं आहे. जोडी विकायला काढली तेव्हा एक तरुण मुलगा ऐकायला आला. मी मोठ्या आवाजात एक दणदणीत फिल्मी गाणं लावलं. त्यात डाव्या-उजव्यातला फरक लपतो, हे मला पक्कं माहीत होतं. त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. बाकीच्या चुका अज्ञानाच्या होत्या, ही जाणूनबुजून केलेली. मला ज्याने फसवलं त्याच्यावर मी चिडलो होतो, आणि संधी मिळताच मीही तेच केलं. काही दिवसांनी मी त्याला फोन करून खरं सांगितलं आणि पैसे परत देऊन जोडी घेऊन आलो. तो म्हणाला, “काका, मला वाटलं माझ्याच कानात काहीतरी गडबड आहे.” आपल्या गप्प बसण्याने दुसऱ्याचा स्वतःच्या कानांवरचा विश्वास उडतो, हे मला तेव्हा उमगलं.

तिसरी चूक खोलीची. पुढे मी क्लिप्शची आर-१५एम ही जोडी घेतली. सव्वापाच इंची वूफर, एक इंची ॲल्युमिनियमची घुमटी, तिच्यापुढे चौकोनी कर्णा, आणि हवा खेळण्याचं भोक मागच्या बाजूला. या वेळी तपासणी नीट केली होती, वस्तू निर्दोष होती. ती मी भिंतीतल्या पुस्तकांच्या फळीवर, पाठ भिंतीला टेकवून, पुस्तकांच्या मधोमध बसवली. मागचं भोक कोंडलं गेलं आणि डग्गा घुमण्याऐवजी नुसता फुगला. मी जमिनीवर गादी टाकून बसायचो आणि कर्णे डोक्याच्या वर, सरळ समोरच्या काचेच्या खिडकीवर रोखलेले. खाली टाइल्स, बाजूला लोखंडी कपाट. तबल्याची चाट कानात टोचायची, ‘स’ आणि ‘श’ फुसफुसायचे, तार सप्तकात तर झणझण व्हायची.

मी निकाल दिला की कर्णा म्हटला की तो मांडवातल्या भोंग्याच्याच जातीचा. मग उपाय सुरू केले. ट्रेबलची खुंटी पार खाली आणली, तर गाणं निर्जीव झालं. कर्ण्याच्या तोंडात स्पंज बसवला, तर आवाज कोंदला आणि टोचणं तसंच राहिलं.

आमच्या इमारतीत तबला शिकवणारे एक काका राहतात. त्यांना ऐकवलं आणि म्हटलं, “काका, बघा ना, चाट किती लागते आहे.” ते काही न बोलता घरी गेले, तबला घेऊन आले, सुरात लावला आणि माझ्या गादीसमोर बसून ‘ना’ वाजवू लागले. तीच धार, तीच झणझण. “अरे, तुझ्या खोलीत माझाही तबला असाच बोलतो आहे,” ते म्हणाले. “आधी खोलीकडे बघ.” त्यांच्या बैठकीच्या खोलीत तोच तबला ऐकला. चाट तिथेही तीक्ष्णच होती, पण ती वाजून संपायची, खिडकीवरून परतून पुन्हा कानावर यायची नाही. मऊ स्पीकरांवर वर्षानुवर्षं ऐकून खऱ्या चाटेची धार मी विसरून गेलो होतो, हेही तिथेच लक्षात आलं.

मग मी स्पीकर फळीवरून काढले. जमिनीवर बसल्यावर कान जिथे येतो तिथे कर्णा येईल अशा बेताचे बुटके लाकडी स्टँड करून घेतले आणि मागच्या भिंतीपासून दीड-दोन फूट जागा सोडली. खिडकीला जाड पडदा लावला, मधल्या मोकळ्या जमिनीवर सतरंजी घातली. दोन्ही स्पीकर आतल्या बाजूला इतके वळवले की त्यांच्या दिशा माझ्या थोड्या पुढेच एकमेकींना छेदाव्यात. यात एक आणखी फायदा निघाला. शेजारी सरकून बसलेला माणूस एका स्पीकरच्या जवळ जातो खरा, पण त्या कर्ण्याच्या थेट रोखातून बाहेर पडतो, त्यामुळे त्यालाही दोन्ही बाजू बऱ्याच समतोल ऐकू येतात. फोनवरून खालून वर सरकत जाणारा एकच स्वर वाजवला, तेव्हा तार सप्तकातली झणझण लोखंडी कपाटाच्या कडीची निघाली. तिच्याखाली कापडाची पट्टी घातली आणि जिला मी इतके दिवस धातूच्या ट्विटरचा स्वभाव म्हणत होतो ती झणझण गेली.

चौथी चूक ॲम्प्लिफायरची. स्पीकरच्या मागे पंचाऐंशी वॅट लिहिलं आहे म्हणून मी शंभर वॅटचा दणकट ॲम्प्लिफायर घेतला होता. वॅटचा तो आकडा स्पीकर किती सोसू शकतो ते सांगतो, त्याला किती लागतं ते सांगत नाही. ९४ डेसिबल संवेदनशीलतेच्या जोडीला छोट्या खोलीत रोजच्या ऐकण्यासाठी एका वॅटचा लहानसा अंशही पुरतो. त्यामुळे माझी खुंटी कायम सुरुवातीच्या टोकाशी असायची, आणि नेमक्या त्या टोकाशी पुष्कळ ॲम्प्लिफायरांच्या खुंट्या डावं-उजवं सारखं देत नाहीत. शिवाय ॲम्प्लिफायरची स्वतःची बारीक सरसर, जी साध्या स्पीकरवर ऐकूही येत नाही, ती कर्ण्याने खोलीभर केली. मंद्रातल्या संथ आलापामागे ती सतत जाणवायची. आता एक लहान, शांत, वीस वॅटचा ॲम्प्लिफायर आहे. कर्ण्याला बळापेक्षा शांतता जास्त लागते.

पाचवी चूक माझ्या सल्ल्याची. खोलीचं कोडं सुटायच्या आधी माझ्या मावसभावाने साताऱ्याहून विचारलं होतं, “दादा, कर्ण्याची एक जोडी स्वस्तात मिळते आहे, घेऊ का?” मी म्हटलं, “नको, कान दुखतील.” त्याची खोली केवढी, ॲम्प्लिफायर कोणता, बसतात किती जण, यातलं मी काहीच विचारलं नाही. त्याने माझ्या शब्दाखातर कमी संवेदनशील, मऊ आवाजाची जोडी घेतली. जुन्या घराचा उंच लाकडी छताचा प्रशस्त सोपा, दूरवर बसलेली सात-आठ माणसं आणि वडिलांच्या वेळचा छोटा ॲम्प्लिफायर. वहिनी म्हणाली, “जरा मोठं केलं की आवाज फाटतो.” फाटणारच, कारण तेवढा आवाज काढायची ताकद त्या ॲम्प्लिफायरमध्ये नव्हती. पुढे मी माझी जोडी तिथे नेऊन त्याच ॲम्प्लिफायरवर लावली. नाट्यपदातला शब्द न् शब्द मागच्या भिंतीपर्यंत स्वच्छ पोचला आणि खुंटी निम्म्यावरही न्यावी लागली नाही. थिएटरासाठी कर्णा ज्या कारणाने लागला, त्याच कारणाने तो त्या सोप्यातही लागत होता. “हे आधी का नाही सांगितलंस?” असं त्याने विचारलं, तेव्हा माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

एवढं सगळं झाल्यावर, जागा, खोली आणि ॲम्प्लिफायर जुळल्यावर, हे छोटे कर्णे मला कसे ऐकू येतात तेही लिहायला हवं. संतूर हे त्यांचं खरं वाद्य. आघात आणि त्यामागे विरत जाणारी तार या दोन गोष्टी वेगवेगळ्या ऐकू येतात, द्रुत झाल्यातही एकमेकींत मिसळत नाहीत. तबल्याची किनार आणि लव यांतला फरक स्पष्ट कळतो. किशोरी आमोणकरांचं ‘सहेला रे’ लावलं की स्वर लागण्याआधीचा श्वास आणि मागचं स्वरमंडळ आपापल्या जागी असतं. रात्री घर झोपलेलं असताना अगदी हलक्या आवाजात ऐकलं तरी बंदिशीचे शब्द पुसट होत नाहीत, आणि हा गुण मला सगळ्यांत मोलाचा वाटतो.

त्यांच्या मर्यादाही खऱ्या आहेत. काळी एक पट्टीच्या तंबोऱ्याचा खरज सुमारे ६९ हर्ट्झला बोलतो. सव्वापाच इंची वूफरची धाव तिथे संपत आलेली असते, त्यामुळे तंबोऱ्याची जवारी भरपूर मिळते, पण खरजाचं वजन हवं तेवढं मिळत नाही. डग्ग्याचंही तसंच. पेटी वरच्या सप्तकात थोडी पुढे येते आणि मोठ्या आवाजात तासाभराने कान थकतात. केसरबाई केरकरांच्या अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकड्या ऐकताना सुईची खरखर गाण्यापासून वेगळी, समोर उभी राहते. अशा वेळी ट्रेबल थोडा कमी करण्यात मला आता गैर वाटत नाही. त्या तबकड्यांत एवढ्या वर गाणं नसतंच, नुसती खरखर असते.

आता कुणी कर्ण्याच्या जुन्या जोडीबद्दल विचारलं की मी आधी विचारतो, खोली केवढी, बसणार कुठे आणि ॲम्प्लिफायर कोणता. मग त्यांना सांगतो की पाठ असलेलं गाणं बरोबर न्या, आवाज जुळवून तुलना करा, दोन्ही कर्ण्यांना कान लावा, आणि शक्य असेल तर त्याच आठवड्यात एखाद्या घरगुती बैठकीत माइकविना तबला-तंबोरा ऐकून या. घरी आणल्यावर महिनाभर तरी निकाल देऊ नका. आधी सतरंजी हलवा, पडदा लावा, स्पीकर पुढे-मागे सरकवा. याला पैसे जवळजवळ लागत नाहीत, लागतो तो धीर. तो माझ्याकडे असता तर पंधरा हजारांच्या आतल्या या जोड्यांत किती संगीत आहे, हे मला पहिल्या जोडीतच कळलं असतं, आणि साताऱ्याच्या त्या घरालाही.